मेथीच्या टोपल्यातला कॅमेरा

दादाच्या तेरवीला लावायला त्याचा फोटो सापडला नाही. वाशिमच्या आसपासच्या कितीतरी घरांत त्याने काढलेले फोटो आजही भिंतीवर असतील, पण त्याच्या स्वतःच्या घरात त्याचा एकही नव्हता. शेवटी दादाच्या मुलाने, रोशनने, मतदार ओळखपत्रावरचा चेहरा मोबाइलमध्ये टिपला आणि गावातून मोठा करून आणला. मोठा केल्यावर तो चेहरा पाण्याखाली धरल्यासारखा झाला. मिशीची कड गालात गेली, कान केसांत गेले. वहिनी हार घालता घालता थांबल्या.

"हा कोन आनला रे?" त्या म्हणाल्या. "हे तं दुसरंच कोनी हाये."

मग त्यांनी हार घातला, कारण पाहुणे पानावर बसले होते.

मी बाजूलाच उभी होते. घरात फोटो का नाही, हे तिथे जमलेल्यांपैकी फक्त मला ठाऊक होतं. दादाने मला एकदा एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याला खोटं उत्तर दिलं होतं. त्याला आता तीसहून जास्त वर्षं झाली. तो होता तोवर वाटे, सांगू कधीतरी. तो गेल्यावर सांगायला उरल्या त्या वहिनी. त्यांच्यासाठी मी तेरवीनंतर चार दिवस मागे राहिले. भाजी निवडताना, धुणं वाळत घालताना, दर वेळी शब्द ओठांपर्यंत आले आणि दर वेळी मी दुसरंच काही बोलले. कांद्याचं बोलले. उन्हाचं बोलले. अकोल्याची माझी बस पाचव्या दिवशी सकाळी होती.

चौथ्या दिवशी दुपारी तेरवीची मोठी परात परत ठेवायला मी आतल्या खोलीतली लोखंडी पेटी उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. गोधड्यांच्या तळाशी आईचं जुनं जांभळं लुगडं होतं, आणि त्यात काहीतरी चौकोनी, जड. गाठ सोडायच्या आधीच मला कळलं.

तो एक उभट डबा होता. समोर एकाखाली एक अशी दोन भिंगं. वरच्या भिंगातून पाहायचं, खालच्यातून फोटो निघायचा. डोक्यावरचं झाकण उघडलं की आत दुधी काच, आणि समोरचं जग तिच्यावर अलगद उतरायचं. फक्त डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे. मी झाकण उघडून दाराकडे धरलं. काचेवर अंगण आलं. अंगणात वहिनी वाळलेल्या मिरच्यांचे देठ मोडत बसल्या होत्या. त्या उजव्या हाताने मोडत होत्या, काचेत डाव्या हाताने. दाराजवळचा शेवगा विहिरीच्या बाजूला गेला होता. लहान, उजळ, आवाज नसलेलं अंगण. मी कितीतरी वेळ मान खाली घालून ते पाहत राहिले.

आमचं घर भाजीवाल्यांचं. गावाला लागून मळा, विहीर, बाराही महिने काहीतरी काढणीला आलेलं. पहाट व्हायची ती पाण्याच्या आवाजाने: हौदात मुळे बुडायचे, पालकाची मुळं धुतली जायची, आई जुड्यांना केळीच्या सोपटाने बांधायची. आमच्या अंगाला कोथिंबिरीचा वास कायमचा होता. शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मुली मला डोळे मिटून ओळखत. दादा वाशिमच्या एका स्टुडिओत शिकायला जाऊ लागला तेव्हा त्या वासात दुसरा मिसळला. तिथल्या औषधांचा, आंबूस आणि थंड. तो जेवायला बसला की त्याच्या बोटांना येई. आई म्हणे, "हात धू ना रे, व्हिनेगरवानी वास येऊन राह्यला." तो म्हणे, "धुतले हाये. हा आतला हाये."

स्टुडिओचे म्हातारे मालक दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेले, तेव्हा त्यांनी हा कॅमेरा दादाला दिला. त्याच्या चामडी पाकिटाचं पुढचं झाकण आधीच तुटलेलं होतं. रंगीत फोटो तोवर शहरात आले होते, पण आमच्याकडे खेड्यांत काळेपांढरेच चालत. वरात, बारसं, शाळेतला निरोप समारंभ, दाखल्याला लावायचे चेहरे. दादा सायकलवरून निघायचा. त्याच्या सायकलवर लोखंडी तिपाई, फ्लॅशची बॅटरी, मागे लावायची पांढरी चादर. लोखंडाशेजारी काच नको म्हणून कॅमेरा दुसऱ्या सायकलवर हवा. आणि दुसरी सायकल माझी. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते.

दुसऱ्या सायकलवर म्हणणं चूक आहे. माझ्यावर.

"कॅरिअरवर कधीच नाई," दादाने पहिल्याच दिवशी सांगितलं. "हँडललेबी नाई. कॅरिअरले जीव नसते, बाई. गचका बसला का तो सरळ काचीले लागते. मानसाच्या पाठीले जीव असते, ते अर्धा गचका आपल्यात ठेवून घेते."

तो मला बाईच म्हणे. त्याने आईचं लुगडं घेतलं, सरकी काढलेल्या कापसाची उशी केली, तिच्यावर कॅमेरा, आणि लुगड्याच्या दोन पदरांनी ते सगळं माझ्या पाठीवर बांधलं. एक पदर खांद्यावरून, एक बगलेखालून, गाठ छातीवर. कामाला जाणाऱ्या बाया तान्हं मूल बांधतात तसंच.

पण लगेच कॅमेरा मिळाला नाही. आधी पपई मिळाली. मळ्यातली, पिकत आलेली, बोट लावलं तरी डाग पडेल अशी. ती पाठीवर बांधून नाक्यापर्यंत जायचं आणि यायचं. दादा बांधावर बसून वाट पाहणार. पपई सोडून उन्हात धरणार, फिरवून फिरवून बघणार, आणि डाग दिसला की नापास.

"गिट्टी आली का सीटवरून उठजो," तो शिकवायचा. "गुडघे ढिले सोडजो. सायकलले उडू दे. तू नको उडू. नाला आला का उतरून चालजो, लाज नाई वाटू देजो."

मी तीनदा नापास झाले. नापास झालेल्या पपया आम्ही बांधावरच कापून खाल्ल्या. रस कोपरापर्यंत ओघळायचा. "परीक्षा अशी पाह्यजे," दादा म्हणाला, "नापास झालं तरी पोट भरलं पाह्यजे." चौथी पपई मी डाग न पडू देता आणली. ती त्याने कापली नाही. आईच्या हातात दिली आणि म्हणाला, "हे पास झाली." पपई की मी, हे त्याने सांगितलं नाही.

ते रस्ते मला अजून पायांनी आठवतात. कुठे चढ लागायचा, कुठे काळी माती चाकाला धरायची, कुठल्या बाभळीखाली काटे. सोयाबीन कापल्यानंतरच्या दिवसांत हवेत एक कोरडा, पिठासारखा वास असायचा. तुरी फुलल्या की दोन्ही बाजूंना पिवळं आणि मध्ये आम्ही दोघं, दादा पुढे, मी मागे. पाठीवरचं वजन पहिले काही मैल वजन वाटायचं. मग ते श्वासाबरोबर वरखाली व्हायला लागायचं आणि वजन राहायचं नाही. माझ्या पाठीची ऊब त्याला लागायची आणि कापसाची ऊब मला. उतारावर मी आपोआप एक हात मागे नेऊन थोपटायची. याचं मला पुढे आश्चर्य वाटलं. तेव्हा वाटत नसे.

रस्त्याकडेला निंदण करणाऱ्या बाया हटकून थांबायच्या.

"ओ माय, लेकराचं तोंड तं दाखव!"

"उपाशी हाये काय वं? आवाज नाई त्याचा!"

पुढून दादा वळून ओरडायचा, "झोपलं हाये मावशी, उठवू नका. उठलं का सगळ्यायचे फोटो काढते!"

त्या हसायच्या. मीही हसायची. पुष्कळ दिवस मला त्यात काही वाटलं नाही.

मग कॉलेजातल्या कोणीतरी मला रस्त्यात पाहिलं. दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाआधी फळ्यावर एक कांगारू काढलेलं होतं. त्याच्या पाठीवर गाठोडं होतं, आणि गाठोड्यातून एक भिंग बाहेर डोकावत होतं. चित्र चांगलं होतं. काढणारा आमच्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा एक मुलगा. त्याची वही मी एकदा मागून घेतली होती आणि मुद्दाम उशिरा परत केली होती. कांगारूचं पिल्लू पोटाशी असतं, पाठीवर नाही, हे मला म्हणता आलं असतं. माझ्या दोन्ही मैत्रिणी तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. त्या दिवसापासून कॉलेजात मला कांगारू हे नाव पडलं, आणि त्या दिवसापासून पाठीवरचं वजन पुन्हा वजन झालं.

हे मी घरी सांगितलं नाही. आमच्या घरात काही सांगितलं की त्यावर लगेच हसू व्हायचं, आणि हे मला हसू व्हायला नको होतं.

तो दिवस पौषातला होता. अनसिंगला एका गुरुजींच्या मुलीचं लग्न होतं, विहारात. गुरुजी घरी येऊन दादाला स्वतः सांगून गेले होते. घरातलं पहिलं लग्न, आणि त्यांची आई फार थकलेली. "आमच्या बुढीचा आजपर्यंत एकबी फोटो नाई," ते म्हणाले होते. "बसाले तयारच नसे. आता नातीच्या लग्नात बसतो म्हणते. तेवढा चांगला काढा." दादाने त्यासाठी नवे रोल आणले होते.

त्याच दिवशी अनसिंगचा बाजार. आईने माझ्या कॅरिअरवर मेथीचं टोपलं ठेवलं, ट्यूबच्या पट्ट्याने आवळलं, वर ओलं पोतं झाकलं. "बाजारात मामी बसते, तिच्यापाशी ठेवून दे, ते विकून टाकते," ती म्हणाली. पाठीवर कॅमेरा, मागे मेथी. पोत्यातून पाणी टपकत होतं, माझ्या मागे रस्त्यावर थेंबांची रेघ होत होती. थंडी इतकी की हँडलचं लोखंड बोटांना चावत होतं. दादा पुढे, त्याच्या तिपाईचा खडखड आवाज.

गाव सुटल्यावर एक चढ आहे. चढावरून पुढचा फाटा दिसतो. दादा फाटा ओलांडून गेला होता. फाट्यावर एसटीची वाट पाहत माझ्या दोन्ही मैत्रिणी उभ्या होत्या, आणि त्यांच्याशी बोलत तो मुलगा.

मी सायकलवरून उतरले. फार विचार केला असं आठवत नाही. गाठ सोडली, लुगड्याची घडी करून पिशवीत कोंबली. पोतं उचललं, मेथीच्या जुड्या दोन बाजूंना सारल्या आणि मधल्या खळग्यात कॅमेरा उभा ठेवला. मला ते फार चांगलं सुचलं असं वाटलं. आमच्या घरात नाजूक ते सगळं असंच जायचं. अंडी न्यायची तर पालकात, पिकले टमाटे न्यायचे तर कोथिंबिरीत. मेथीहून मऊ दुसरं काय असणार? कंबरेपर्यंत तो पानांत रुतला, खालचं भिंग जुड्यांत गेलं, आणि मी ओलं पोतं परत झाकलं.

फाट्यावर त्यांनी हाक मारलीच.

"काय वं, आज लेकरू घरी ठेवलं काय?"

"मोठं झालं," मी म्हटलं. "आता नाई येत मागं."

तिघंही हसले. तोही हसला, पण वेगळं. मला वाटलं, वेगळं. मी पायडल मारत पुढे गेले.

फाटा दिसेनासा झाल्यावर मला थांबता आलं असतं. रस्ता रिकामा होता. पण पाठ मोकळी होती. वारा कुडत्यात शिरत होता, मी खांदे मागे घेऊन बसले होते, गिट्टीवर सीटवरून उठत नव्हते. कितीतरी दिवसांनी मी नुसती सायकल चालवत होते. अनसिंगची पहिली घरं दिसेपर्यंत, तासाहून जास्त वेळ, मी तशीच गेले. आजवरच्या आयुष्यात मला झालेल्या सुखांची मी मनात मोजदाद करते तेव्हा तो तास त्यांत येतो. तो वगळावा असं फार वाटतं. वगळता येत नाही.

गावाबाहेर एका आंब्याआड मी पोतं काढलं. जुड्यांत हात घातला तर आत ऊब होती. भाजीवाल्याच्या घरातल्या पोरालाही हे ठाऊक असतं: जुड्या दाबून झाकल्या की आतून तापतात, वाफ धरतात, म्हणून तर बाजारात पोचताच त्या मोकळ्या करून ठेवायच्या. मला ते माहीत होतं. हाताला लागलं तेव्हाही माहीत होतं. मी कॅमेरा ओढणीने पुसला, लुगड्यात घेतला, पाठीवर बांधला. गाठ दादा मारायचा तशीच मारली, आणि तो विहाराच्या दाराशी उभा होता तिथे मी पाठ दुखत असल्यासारखी चालत गेले.

"निजलं का?" त्याने गाठ सोडता सोडता विचारलं.

"हो."

विहारात मेणबत्त्या लागल्या होत्या. पांढरे कपडे, पांढरी फुलं, पांढऱ्या साडीतली नवरी, तिच्या बांगड्यांचा थरथरता आवाज. वंदनेच्या वेळी सगळे एकदम शांत झाले आणि दादाच्या कॅमेऱ्याची कळ तेवढी ऐकू आली. वरचं भिंग कोरडं होतं. दुधी काचेवर त्याला सगळं लख्ख दिसत होतं. मी त्याच्या शेजारून वाकून पाहिलं; मलाही लख्ख दिसलं. मला हायसं वाटलं.

जेवणं व्हायच्या आधी गुरुजींनी आईला बाहेर आणलं. उन्हात खुर्ची मांडली. आजी पांढऱ्या लुगड्यात, हातात तेलाने काळी झालेली काठी. काठी बाजूला ठेवा म्हटलं तर देईनात.

"बाबू, याच्यात मी दिसन काय?"

"दिसन ना आजी."

"म्हातारी दिसन?"

"आहे तेवढीच दिसन. जास्त नाई."

आजी हसल्या, आणि हसताना तोंडावर हात धरला. मग म्हणाल्या, "मले अगोदर दाखव, तू कायले एवढा खाली मान घालून पाहून राह्यला." दादाने खुर्चीवर गुरुजींना बसवलं आणि आजींना काचेत पाहायला लावलं. त्या काठीवर भार देऊन वाकल्या. काचेतला लहानसा मुलगा त्यांनी कितीतरी वेळ पाहिला. "किती चांगला दिसते माह्या पोरगा," त्या म्हणाल्या. मग जाऊन खुर्चीवर बसल्या आणि हलल्या नाहीत. दादाने त्यांचे चार फोटो काढले. एवढे तो कोणाचेच काढत नसे.

चार दिवसांनी संध्याकाळी तो छापलेले फोटो घेऊन घरी आला. ओट्यावर एकेक मांडत गेला. आई दिवा लावत होती, ती वात हातात घेऊन तशीच उभी राहिली. सगळं लग्न वाफेत लागलं होतं. नवरी म्हणजे एक पांढरी झाक, मेणबत्त्यांच्या जागी सुजलेले डाग. आणि आजींच्या चारही फोटोंत खुर्चीवर नुसता उजेड बसलेला. त्या उजेडातून फक्त काठी खाली आली होती, काळी, थोडीशी ठळक.

दादाने भिंग काढून पाहिलं होतं. तोवर ते वाळून स्वच्छ झालं होतं. त्याने वर पाहिलं.

"बाई, पाठीलेच होता ना वं?"

"हो."

"पूर्ण टाइम?"

"हो, दादा."

त्याने मान हलवली. "मंग माह्यंच चुकलं," तो म्हणाला. त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं नाही, आवाजात काही आणलं नाही. इतक्या सहज त्याने ते मानलं की क्षणभर मलाही तसंच वाटलं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खरं नसावं.

तो फोटो घेऊन अनसिंगला एकटा गेला. मी परीक्षा जवळ आली म्हटलं. परत आल्यावर त्याने आईला सांगितलं ते मी आतून ऐकलं. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी आजींच्या चार फोटोंतला एक ठेवून घेतला आणि म्हणाले, "काठी तं ओयखू येते आमच्या बुढीची." दादा हे वाक्य सांगताना दोनदा थांबला. शिमग्याच्या आत आजी गेल्या. त्यांचा दुसरा फोटो नव्हता.

कॅमेरा चांगला, रोल नवे, औषधं नेहमीची, पाठ भरवशाची. मग उरले ते डोळे. दादाने त्या दिवसापासून आपल्या डोळ्यांवर संशय धरला. वाशिमला दाखवलं, मग अकोल्याला. डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "डाक्टरले काय मालूम? त्यानं कुठं माह्ये फोटो पाह्यले." एक डोळा मिटून तो विहिरीवरच्या चाकाचे आरे मोजायचा, मग दुसरा मिटून. पुढच्या दोन-तीन कामांना तो काचेत पाहून झालं की मला बोलवायचा. "बाई, तू पाह्य बरं. धारदार हाये का?" मी पाहायची. धारदार असायचं. मी सांगायची. तो कळ दाबायचा, पण हात थरथरायचा, आणि फोटो हलायचे. मग त्याने लग्नं घेणं सोडलं. मग दाखल्याचे चेहरेही. कॅमेरा लुगड्यात बांधला आणि तो मळ्यात उतरला.

मी शिकले, अकोल्याला एका शाळेत ग्रंथपाल झाले. आयुष्य ओलीपासून पुस्तकं जपण्यात गेलं. एकदा एका पुस्तकात भिंगांविषयी वाचलं: आत वाफ शिरली तर काय होतं, ती किती वेळाने निघून जाते, फोटो कसा येतो. सगळं वर्णन त्या फोटोंचं होतं. मी ते पुस्तक मिटलं आणि मुद्दाम चुकीच्या कपाटात ठेवलं. सबंध नोकरीत एवढं एकच पुस्तक मी चुकीच्या जागी ठेवलं असेल.

सणावाराला मी घरी यायची. मोबाइल आले, पोरं फोटो काढायला दादाच्या हातात मोबाइल द्यायची. तो परत करायचा. "तूच काढ बाप्पा. माह्या हातचा पुसट येते." आणि कोणी त्याचा काढायला गेलं तर उठून मळ्यात निघून जायचा. एका दिवाळीला ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी ठरवून आले होते. तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, "बाई, तुह्यी पाठ मोठी भरवशाची होती. तसा गडी मले पुन्हा भेटला नाई." मी उठून पणतीत तेल घातलं.

कॅमेरा लुगड्यावर ठेवून मी अंगणात आले. मिरच्यांचा ठसका नाकाला लागला. मळ्यात मोटार चालू होती. रोशन वांग्यांना पाणी देत होता. वहिनींसमोर बसले, चार मिरच्यांचे देठ मोडले आणि म्हटलं, "वयनी, मले एक सांगायचं हाये."

मी सगळं सांगितलं. फाटा, मेथी, ओलं पोतं, आंब्याआडची गाठ. दादाचा प्रश्न आणि माझं उत्तर. वहिनींचे हात सुरुवातीला चालू होते. मग थांबले.

"एवढी वर्षं," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमी याच घरात येत होत्या, ताई. माह्या हातचं जेवत होत्या. एक वाक्य तं सांगायचं होतं."

"हो."

"मले आता कायले सांगून राह्यल्या? तुमचं मन हलकं कराले?"

ते तसंच होतं.

त्यांनी पदराला हात पुसले. मिरचीचा हात लागू नये म्हणून मनगटाने डोळे टिपले. मग माझ्याकडे न पाहता, हळू, एखादी गोष्ट उचलून तिचं वजन पाहावं तसं म्हणाल्या, "मंजे त्यायचे डोये चांगले होते."

"चांगलेच होते, वयनी."

"पहिलेपासून?"

"पहिलेपासून."

त्या उठल्या. मळ्याच्या बाजूला जाऊन त्यांनी हाक मारली, "रोशन! अरे रोशन, इकडं ये." तो पायाला चिखल घेऊन आला. "ऐक," त्या म्हणाल्या. "तुह्या बाबाचे डोये चांगले होते." तो आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहू लागला. "काय झालं आई?" "आत्याले विचार. ताई, सांगा त्याले. मले सांगितलं तसंच सांगा, काही ठेवू नका."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. रोशन ओट्याच्या पायरीवर बसून ऐकत होता, पायाचा चिखल काडीने काढत होता. कॅमेऱ्याबद्दल, लग्नाबद्दल त्याने काही विचारलं नाही. संपल्यावर म्हणाला, "आत्या, बाबा मले कधीच सायकलच्या दांडीवर बसवत नव्हते. मालूम हाये तुले? सगळ्यायचे बाप पोराईले दांडीवर बसवून शायेत सोडत. माह्ये बाबा सायकल हातात धरून माह्यासंगं पायी चालत. रोज."

"डोयाच्या भेवानं दांडीवर बसवत नव्हते, हे त्याईनं मले कधी नाई सांगितलं काहून," वहिनी म्हणाल्या.

"मले वाटे," रोशन म्हणाला, "मी त्याईले आवडत नाई."

त्याच्या हातातली काडी थांबली होती. मळ्यात वाफा भरला, पाणी कडेवरून फुटलं आणि पायवाटेवरून अंगणाकडे यायला लागलं. त्या घरात पाणी वाया जाऊ देणारं कोणी नाही. तिघांनाही ते दिसत होतं. कोणी उठलं नाही.